भपका पाहू नका, टिकाव पाहा
(दुकानदाराची वेबसाईट आणि मोबाईल : चार व्यवहारी गोष्टी)

श्रीगोंदा तालुका लिंबाच्या बागांसाठी ओळखला जातो. उन्हाळ्यात मागणी वाढली की लिंबाचा भाव दिवसागणिक हलतो आणि बाहेरगावचा व्यापारी फोनवरच सौदा उरकतो. बागवान असो, फर्निचरवाला असो की गॅरेजवाला, त्याची वही, गल्ला आणि गिऱ्हाइकांची यादी आज मोबाईलमध्ये असते. ऐन वेळी तो बंद पडला तर सौदा शेजारच्या गाळ्यात जातो. म्हणूनच मोबाईल आणि वेबसाईट घेताना काय पाहावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

वेबसाईट कोणाला हवी?
ज्याचा व्यवहार ठरलेल्या वीस-पंचवीस आडत्यांशी आहे, त्याला वेबसाईटची घाई नाही. २०१८ पासून भारतात मिळणारे व्हॉट्सअॅप बिझनेस त्याला पुरते. त्यात मालाची छायाचित्रे व दर फुकट लावता येतात. मात्र ज्या कारागिराला अनोळखी, दूरचे गिऱ्हाईक हवे आहे, त्याने वेबसाईट जरूर करावी.

अशा छोट्या वेबसाईटसाठी सर्वांत स्वस्त सोय म्हणजे सामायिक होस्टिंग. एका छपराखाली अनेक गाळे असावेत, पाणी व वीज सर्वांची एकच असावी, तसा हा प्रकार आहे. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाईट राहतात, म्हणून भाडे कमी पडते. पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपलेही पान हळू उघडते. शेजारी फसव्या ई-मेल पाठवू लागला तर एकाच पत्त्यामुळे आपलीही पत्रे नको असलेल्या टपालात जाऊ शकतात. पाच-दहा पानांच्या वेबसाईटला ही तडजोड परवडते. स्वतंत्र सर्व्हर घेतला तर पैसे जास्त लागतातच, शिवाय तो सांभाळणारा जाणकार माणूसही लागतो.

जाहिरातीत ‘अमर्याद’ असा शब्द असतो. त्याला भुलू नये. फायलींची संख्या आणि सर्व्हरचा वापर यांवरची मर्यादा करारात बारीक अक्षरात दिलेली असते. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. दुसऱ्या वर्षाचा दर विचारूनच सौदा करावा आणि त्यात जी.एस.टी. धरावा. वेबसाईटच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी फुकट मिळते, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे.

नाव आपले, पावती आपली
सर्वांत मोठा धोका पैशाचा नाही, मालकीचा आहे. वेबसाईट बनवून देणारा मुलगा डोमेन, म्हणजे दुकानाची इंटरनेटवरील पाटी, बऱ्याचदा स्वतःच्या नावावर घेतो. पुढे तो नोकरीसाठी गाव सोडून गेला की पाटी त्याच्याकडे आणि दुकान आपल्याकडे! म्हणून खाते आपल्या ई-मेलवर, आपल्या मोबाईल क्रमांकावर आणि पावती आपल्या नावावर असावी. मुदत चुकली तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. ‘.इन’ हे नाव २००५ पासून सर्वांना खुले आहे आणि २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते.

कंपन्यांचे मालकही बदलतात. तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या डिरेक्टीचा बिगरॉकसह होस्टिंगचा व्यवसाय २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओ.व्ही.एच. कंपनीच्या सर्व्हर केंद्राला आग लागली, तेव्हा ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती त्यांचे सारेच गेले. आपल्या वेबसाईटची एक प्रत दरमहा आपल्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी.

मोबाईल : काचेची पाठ की बदलता येणारी बॅटरी?
मोबाईलमध्ये दिखाऊपणाची किंमत कशी मोजावी लागते, याचे उदाहरण सॅमसंगचे आहे. २०१४ चा गॅलेक्सी एस-५ प्लास्टिकच्या पाठीचा होता. त्याची बॅटरी हाताने बदलता येई, मेमरी कार्ड बसे आणि तो पाण्यातही टिके. २०१५ चा एस-६ काच व धातूचा, देखणा निघाला. पण या तिन्ही सोयी गेल्या. २०१६ च्या एस-७ मध्ये कार्ड व पाण्यापासून बचाव परत आला. बॅटरी मात्र आतच बंद राहिली. अॅपलच्या २०१० च्या आयफोन-४ मध्ये धातूची कडा हाच अँटेना होता. ती विशिष्ट ठिकाणी धरली की सिग्नल कमी होई. शेवटी कंपनीला गिऱ्हाइकांना फुकट कव्हर द्यावे लागले.

बॅटरी कालांतराने कमजोर होतेच आणि उन्हाने लवकर होते. आपल्याकडील उन्हाळ्यात टपरीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलेला मोबाईल लवकर थकतो. बॅटरी आत चिकटवलेली असेल तर ती बदलण्यासाठी मोबाईल दुकानात ठेवावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ धंदा बंद. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून, ग्राहकाला बॅटरी स्वतः काढता यावी यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली, ती उगाच नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांनी मोबाईल घेताना चार प्रश्न विचारावेत. बॅटरी आणि काच नगरला किंवा दौंडला बदलून मिळते का? तिला किती खर्च येतो? सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? पाणी आणि धूळ यांपासून बचाव आहे का? उत्तरे समाधानकारक असतील तर मोबाईल देखणा असायलाही हरकत नाही. वाचलेल्या पैशांतून एक साधा बटणाचा मोबाईल गल्ल्यात ठेवावा आणि गिऱ्हाइकांचे क्रमांक कागदी वहीतही उतरवून ठेवावेत.