डब्याचे तुणतुणे : घडण, स्वरशास्त्र आणि वारसा

एखादा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की, ‘याचे आपले तेच तुणतुणे’ असे आपण सहज म्हणून जातो. या वाक्प्रचाराने एका गुणी वाद्याची विनाकारण थट्टा केली आहे. तुणतुणे एकच स्वर धरून राहते हे खरे. परंतु त्या एका स्वराच्या आधारानेच शाहीर तासन्‌तास सुरात उभा राहतो. गोंधळात संबळाच्या जोडीला, पोवाड्यात डफाच्या जोडीला आणि तमाशात ढोलकी-हलगीच्या मागे हेच वाद्य गायकाचा षड्ज सांभाळते आणि टिचकीगणिक लयही पुढे नेते. स्वर आणि ताल ही दोन्ही कामे एका तारेवर करणारे इतके साधे दुसरे वाद्य क्वचितच सापडेल.

प्रस्तुत लेखात हे वाद्य पत्र्याच्या रिकाम्या डब्यापासून कसे घडवावे, ते का वाजते आणि आपल्या समाजाच्या प्रबोधनपरंपरेशी त्याचे काय नाते आहे, याचा विचार केला आहे.

जलशाचे वाद्य

परंपरागत तुणतुण्याचे अंग म्हणजे एक पोकळ लाकडी नळकांडे. त्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे असते. कुशीला एक दांडा जोडलेला असतो. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि दांड्याच्या टोकाच्या खुंटीला गुंडाळली जाते. रचना एवढीच, पण हे वाद्य ज्या हातांत राहिले, त्यांचा इतिहास मोठा आहे.

गावगाड्यात वाजवण्याचे काम जातीने वाटून दिलेले होते. मिरवणुकीपुढे डफ-हलगी वाजवायची, परंतु मानाच्या जागी बसायचे नाही, ही त्या व्यवस्थेची रीत होती. मेलेले जनावर ओढणे आणि गावकीची सक्तीची कामे टाकून देण्याचे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले, तेव्हा एक अवघड प्रश्न उभा राहिला. अपमानाच्या खुणा टाकून देताना त्यांच्याबरोबर गळा आणि वाद्यही टाकून द्यायचे काय? आंबेडकरी जलशांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. त्यांच्याआधी सत्यशोधक जलशांनी वाट घालून दिली होती. तमाशाचा घाट घेतला, गण-गवळणीच्या जागी समतेचा विचार आणला, आणि तीच ढोलकी व तेच तुणतुणे ताठ मानेने वाजू लागले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी सभेची भाषा अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोहोचवली. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून हाच वसा चालवला. दुसऱ्या बाजूला १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने श्रमिकांचे दुःख याच लोकवाद्यांच्या साथीने मांडले. मराठवाड्यात विद्यापीठ नामांतराच्या लढ्यात, म्हणजे १९७८ पासून १९९४ पर्यंत, सभा-मोर्चांना गीतांचीच सोबत होती.

पत्र्याचा डबा का?

या जलसाकारांपैकी बहुतेकांची परिस्थिती बेताची होती. मिरजेच्या कारागिरांनी भोपळा वाळवून, कोरून घडवलेला तंबोरा ही उत्तम वस्तू खरी. पण ती सर्वांच्या आवाक्यातली नव्हती आणि आजही नाही. हाताशी असेल त्यातून वाद्य उभे करण्याची युक्ती म्हणूनच जगभर गरिबांच्या घरी आढळते. अमेरिकेत सिगारच्या रिकाम्या लाकडी पेट्यांपासून तंतुवाद्ये झाली. दक्षिण आफ्रिकेत तेलाच्या डब्यांची गिटार झाली. सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण जपानच्या ओकिनावा बेटांचे आहे. १९४५ च्या भीषण लढाईनंतर छावण्यांत ठेवलेल्या लोकांनी खाद्यपदार्थांचे रिकामे डबे, खाटेचे लाकूड आणि हवाई छत्रीचे दोरे घेऊन आपले पारंपरिक ‘सानशिन’ हे वाद्य पुन्हा घडवले. ‘कानकारा सानशिन’ या नावाने ते आजही ओळखले जाते आणि मुलांना शिकवले जाते. सर्वस्व गेल्यावरही त्या माणसांनी गाणे सोडले नाही.

डब्याच्या तुणतुण्याला कातडे लागत नाही. डब्याचा पातळ तळच कातड्याचे काम करतो. पावसाळ्यात कातडे सैल पडते, तसा पत्रा पडत नाही. हाही एक व्यावहारिक लाभ.

साहित्य

सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा आणि १३ सेंटिमीटर उंचीचा तुपाचा किंवा बिस्किटांचा डबा घ्यावा. तळ जितका पातळ आणि सपाट, तितका आवाज मोकळा. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकांचे रिकामे डबे सर्वत्र दिसतात; ते धुऊनसुद्धा वापरू नयेत. ७५ सेंटिमीटर लांबीचा, अडीच सेंटिमीटर रुंदीचा पक्का, वाळलेला बांबू दांड्यासाठी हवा. खुंटीसाठी बाभळीसारखे कठीण लाकूड चांगले. तार पोलादी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास जाडीची असावी. वाद्यांच्या दुकानातली सतारीची तार उत्तम. ती न मिळाल्यास सायकलच्या ब्रेकच्या तारेतील एक पदर सोडवून घ्यावा. याखेरीज दोन लहान नट-बोल्ट, एक वायसर, चामड्याचा किंवा जाड रबराचा रुपयाएवढा तुकडा, आणि हत्यारांमध्ये हातोडी, खिळा, कानस, पक्कड व गिरमिट पुरे.

कृती

१. डब्याचे झाकण काढून कड कानशीने घासून घ्यावी. पत्र्याची धार हाताला कापते. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

२. तळाचा बरोबर मध्य काढून बारीक खिळ्याने आतून बाहेर भोक पाडावे. भोक तारेपुरतेच असावे.

३. डब्याच्या कुशीला, एक तळाजवळ आणि एक तोंडाजवळ, अशी दोन भोके पाडून बांबूचा दांडा बोल्टने घट्ट बसवावा. दांड्याचे खालचे टोक तळाच्या पातळीत यावे. दांडा हलला तर स्वर कधीच स्थिर राहणार नाही.

४. तळापासून ६० सेंटिमीटर उंचीवर दांड्याला आरपार भोक पाडावे. खुंटी एका टोकाला किंचित निमुळती तासावी, म्हणजे दाबून फिरवताच ती घट्ट रुतते. घसरत असेल तर तिला खडू चोळावा.

५. तारेच्या टोकाला वायसर अडकवून पीळ द्यावा. वायसर आणि पत्रा यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा ठेवावा, नाहीतर तार पत्रा कापत जाते. तार बाहेरून तळाच्या भोकात ओवून, डब्याच्या पोकळीतून वर घेऊन, खुंटीला तीन-चार वेढे द्यावेत. तार डब्याच्या कडेला कोठेही घासता कामा नये.

६. खुंटी हळूहळू पिळावी. या वेळी चेहरा तारेपासून दूर ठेवावा. तुटलेली तार डोळ्याला इजा करू शकते.

दांडा खांद्याशी टेकवून, डबा एका हाताने धरून दुसऱ्या हातातील लाकडी काडीने तार छेडावी.

स्वर कोठून येतो?

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि जाडी. लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे वरचा षड्ज मिळतो. तोच षड्ज केवळ ताण वाढवून मिळवायचा तर ताण चौपट करावा लागतो. आपली ६० सेंटिमीटरची तार सेकंदाला सुमारे १३१ कंपनांवर, म्हणजे पेटीच्या पांढरी एकच्या खालच्या षड्जावर आणण्यासाठी जवळजवळ १.४ किलो वजनाइतका ताण पुरतो. वरच्या षड्जासाठी मात्र साडेपाच किलोंहून अधिक ताण द्यावा लागेल. तेवढ्याने पत्रा वाकण्याचा धोका असतो.

एकटी तार फार थोडी हवा हलवते, म्हणून तिचा आवाज क्षीण असतो. ती आपली थरथर डब्याच्या तळाला देते. रुंद तळ अधिक हवा हलवतो आणि पोकळी त्या आवाजाला भरीवपणा देते. इतर वाद्यांत तार घोडीवरून आडवी जाते. येथे ती तळाला सरळ ओढून धरते. तार एका बाजूला झुकली तरी ताण वाढतो आणि दुसऱ्या बाजूला झुकली तरीही वाढतो. त्यामुळे तळाला एका कंपनात दोनदा ओढ बसते आणि मूळ स्वराबरोबर त्याचा वरचा षड्जही ठळक ऐकू येतो. तुणतुण्याच्या टणत्काराचे हे एक रहस्य आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या साध्या वाद्याने आकर्षित केले होते. त्यांच्या आरंभीच्या लेखनात, १९०९ साली, एकतारीवरचा एक छोटा निबंध आहे.

सप्तक प्रत्यक्ष मोजून पाहायचे असेल तर दुसरे वाद्य करावे. दांडा डब्यातून आरपार घालावा, तळावर लहान लाकडी घोडी ठेवावी आणि वरच्या टेकूपासून घोडीपर्यंत तारेचे अंतर ६० सेंटिमीटर राखावे. मग वरच्या टेकूपासून दांड्यावर पुढील अंतरांवर खुणा कराव्यात : रिषभ ६.७, गंधार १२, मध्यम १५, पंचम २०, धैवत २४, निषाद २८ आणि वरचा षड्ज ३० सेंटिमीटर. त्या ठिकाणी तार दाबून छेडली की शुद्ध स्वर मिळतात. पंचमाला तारेचे दोन तृतीयांश उरतात, मध्यमाला तीन चतुर्थांश. अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलाला ते कानाने ऐकता येतात, याहून चांगला गणिताचा तास कोणता?

ना फार ताण, ना फार सैल

तार जुळवताना सोण या भिक्खूची कथा आठवल्यावाचून राहत नाही. अंगुत्तर निकायात ती येते. अतिश्रमाने थकलेला, निराश झालेला सोण संसारात परतण्याचा विचार करू लागला. तो गृहस्थाश्रमात असताना वीणा वाजवत असे, हे भगवंतांना ठाऊक होते. त्यांनी त्याला उपदेशाऐवजी प्रश्नच विचारला : तार अतिशय ताणलेली असताना, किंवा अगदी सैल असताना, वीणा नीट वाजत होती काय? सोणाला उत्तर ठाऊक होते. प्रयत्नही तसाच समतोल असावा, हा बोध त्याने स्वतःच्या हाताच्या अनुभवातून घेतला. मध्यम मार्गाचे तत्त्व पाठ करून घेण्यापेक्षा खुंटी पिळताना ते मुलांना अधिक नेमके उमगते.

पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावी कामासाठी माणसे येतात आणि कामासाठीच दूरदेशी जातात. निवासी शाळेत राहणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील हंगामात ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेले असतात. अशा मुलांच्या हाती स्वतः घडवलेले वाद्य असणे ही लहान गोष्ट नाही. स्वयंपाकघरातून निघणारे रिकामे डबे, गावातल्या बुरुडाकडचा बांबू आणि एक दुपार एवढ्यावर दहा-पंधरा तुणतुणी सहज होतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे फिटर, सुतार किंवा शिक्षक आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार यासाठी द्यावा. ज्या पालकांना आजोबांच्या जलशातील चाली अजून आठवतात, त्यांनी त्या मुलांना म्हणून दाखवाव्यात. त्या चाली कागदावर फारशा उतरलेल्या नाहीत. त्या जाणणारी पिढी आता थकली आहे. वाद्य पुन्हा करता येईल, डबा पुन्हा मिळेल. गेलेली चाल मात्र परत येत नाही. म्हणून हे काम येत्या भीमजयंतीच्या आत सुरू व्हावे, एवढीच विनंती.