इयत्तेचा हिशेब

‘इयत्ता’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘एवढेपणा’, म्हणजेच माप. ‘त्याच्या विद्येची इयत्ता ती केवढी!’ असें आपण एखाद्याविषयीं म्हणतों, तेव्हां हाच अर्थ मनांत असतो. शाळेच्या बाबतींत मात्र, मूल चौथ्या इयत्तेंत आहे असें सांगतांना, तें कोणत्या वर्गांत बसतें एवढेंच बहुधा आपण सांगत असतों. चौथीच्या मुलाला जें यावयास हवें तें त्याला येतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळाच राहतो. तो विचारण्याचा अधिकार कोणाचा, आणि उत्तर असमाधानकारक आलें तर त्याची झळ कोणास लागावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचें एक फार सरळ दिसणारें उत्तर इंग्लंडनें १८६२ सालीं देऊन पाहिलें. तेथें गरिबांच्या शाळा बहुतेक धर्मसंस्थांच्या असत. १८३३ सालीं सरकारनें त्यांना प्रथम मदत दिली ती २०,००० पौंडांची. १८६१ पर्यंत हा आंकडा आठ लाखांच्या वर गेला. इतक्या पैशाच्या मोबदल्यांत मुलें शिकतात तरी काय, याची चौकशी करण्याकरितां न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमला गेला. आयोगास असें आढळलें कीं, शिक्षक वरच्या वर्गांतील थोड्या हुशार मुलांवर मेहनत घेतात, आणि बाकीचीं बहुसंख्य मुलें धड लिहिणें-वाचणें न शिकतांच शाळा सोडून जातात. शिक्षणखात्याचा सूत्रधार रॉबर्ट लो हा हिशेबी मनुष्य होता. त्यानें पार्लमेंटांत जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा कीं, नवी पद्धति स्वस्त पडली नाहीं तर गुणकारी तरी ठरेल, आणि गुणकारी ठरली नाहीं तर स्वस्त तरी पडेल.

ही पद्धति ‘निकालाप्रमाणें वेतन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. सहा इयत्ता ठरविण्यांत आल्या व प्रत्येकीचें माप छापून निघालें. पहिलीच्या मुलानें अगदीं लहान शब्दांची गोष्ट वाचावी व वीसपर्यंतचे आंकडे ऐकून पाटीवर काढावे. सहावीच्या मुलानें वर्तमानपत्रांतील एक साधा परिच्छेद वाचावा. सहा वर्षांवरील जें मूल वर्षांत दोनशेंहून अधिक वेळां हजर राहील, त्याच्यामागें शाळेला आठ शिलिंग मिळावयाचे; पण परीक्षक आला म्हणजे वाचन, लेखन व गणित या तीन विषयांपैकीं ज्यांत तें नापास होईल, त्या प्रत्येकाबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स कापले जावयाचे. सरासरी हजेरीबद्दल चार शिलिंग मिळत, ते निराळे.

लो याचा हेतु दुष्ट होता असें मला वाटत नाहीं. मागच्या बांकावरील मुलाकडे कोणी पाहत नाहीं, हें आयोगाचें म्हणणें खरें होतें, आणि प्रत्येक डोक्यामागें पैसे लावले म्हणजे प्रत्येक डोक्याकडे लक्ष जाईल, ही त्याची समजूत वरवर पाहतां चुकीची नव्हती. झालें मात्र भलतेंच. पद्धति स्वस्त पडली यांत शंका नाहीं. १८६१ सालचें ८,१३,००० पौंडांचें अनुदान १८६५ सालीं ६,३६,००० वर आलें. गुणाची गोष्ट निराळी. परीक्षेचें वाचनपुस्तक वर्षाच्या आरंभींच ठाऊक असे, तेव्हां मास्तरांनीं तें मुलांकडून घोकून घेतलें. पुस्तक उलटें हातांत धरूनही मुलें अस्खलित ‘वाचीत’, असें वर्णन त्या काळाविषयीं वारंवार येतें. इतिहास-भूगोलाला प्रथम एक पेन्सही मिळत नसे, म्हणून ते वेळापत्रकांतून हळूच निघून गेले. आजारी मुलें पांघरुणांत गुंडाळून परीक्षेला आणीत, कारण न आलेल्या मुलाचे आठ शिलिंग बुडत.

कवि आणि टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेला मॅथ्यू आर्नल्ड १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळातपासनीस होता. त्यानें १८६२ मध्येंच आपल्या स्वतःच्या खात्याविरुद्ध लेख लिहिला, आणि पुढें आपल्या अहवालांत स्पष्ट नमूद केलें कीं, युक्तीनें तयारी करून घेतली तर ज्या मुलांना खरोखर लिहितां, वाचतां किंवा हिशेब करतां येत नाहीं, तींही या तिन्ही विषयांत पास होऊं शकतात. खातें त्याला नोकरींतून काढीत नव्हतें आणि त्याचें ऐकतही नव्हतें. १८९० पासून ही पद्धति मोडावयास लागली व शतक संपण्यापूर्वीं ती पुरती गेली. तिची संवय मात्र राहिली. एडमंड होम्स हा मुख्य तपासनीस निवृत्त झाल्यावर त्यानें १९११ सालीं लिहिलेल्या पुस्तकाचा रोख असा आहे कीं, तीस वर्षें दुसऱ्याच्या मापाप्रमाणें शिकविणाऱ्या शिक्षकांना स्वतःच्या बुद्धीनें शिकविण्याची मुभा मिळाली, तेव्हां तिचें काय करावें हेंच त्यांना कळेना.

हीच कल्पना समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यांत आली. १८५४ च्या खलित्यानें खासगी शाळांना अनुदान देण्याचें धोरण ठरलेंच होतें. पुढें त्याला परीक्षेच्या निकालाची अट जोडण्यांत आली. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत या पद्धतीचा त्यांनीं थोडक्यांत पण मर्मीं घाव घालणारा विचार केला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या दरिद्री व अज्ञानी लोकांत विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाहीं, त्यांच्यांत शिक्षणप्रसार करण्यास ही रीत मुळींच उपयोगी नाहीं; अशा वस्तींत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणा शिक्षकाचें पोट भरणार नाहीं, म्हणून गोडी लागेपर्यंत तेथें सरकारनेंच शाळा चालविल्या पाहिजेत. लो आणि फुले यांचीं मतें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. लो शाळेला विचारीत होता, ‘पैशाचें काय केलेंत?’ फुले सरकारला विचारीत होते, ‘कोणाच्या मुलांसाठीं तुम्हीं काय केलेंत?’ जीं मुलें गुरें राखावयास किंवा मजुरीला जातात, त्यांची हजेरी तुटते. हजेरी तुटली कीं निकाल घसरतो. निकाल घसरला कीं अनुदान कापलें जातें. आणि जेथें मदत सर्वांत जास्त हवी तेथूनच ती निघून जाते. आयोगानें मात्र देशी शाळांसाठीं निकालाचीच कसोटी बरी मानली.

हा सारा जुना इतिहास म्हणून सोडून द्यावा, तर अमेरिकेनें २००२ सालीं तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षीं वाचन व गणित यांची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत देशांतील झाडून सारीं मुलें ठरलेल्या पायरीवर, असा तो कायदा होता. मागें राहणाऱ्या शाळांवर वाढत्या कडक उपायांची तजवीज होती. त्याच्या पदरांत एक मोठें पुण्यही घातलें पाहिजे: गरिबांच्या, कृष्णवर्णीयांच्या व अपंग मुलांच्या निकालाचे आंकडे निराळे प्रसिद्ध करण्याची सक्ति झाल्यानें, सरासरीच्या पडद्यामागें त्यांना लपवितां येईना. पण पायरी किती उंच ठेवावयाची हें त्या त्या राज्यानें ठरवावयाचें असल्यामुळें, कांहीं राज्यांनीं पायरीच खालीं आणली. अटलांटा शहरांत याहून वाईट घडलें. २०११ सालच्या सरकारी चौकशींत, तपासलेल्या ५६ शाळांपैकीं ४४ शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचें व त्यांत १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतल्याचें निष्पन्न झालें. २०१५ मध्यें अकरा जण न्यायालयांत दोषी ठरले. चुकीचीं उत्तरें खोडून बरोबर करणारे हे सर्व जन्मजात लबाड होते असें मानण्याचें कारण नाहीं. मूल तर फसलेंच; त्याला येत नाहीं हें कळण्याची एकमेव खूणही पुसली गेली. त्याच वर्षीं आलेल्या नव्या कायद्यानें परीक्षा ठेवल्या, पण शाळांवर कोणते उपाय योजावयाचे हें बरेंचसें राज्यांवर सोपविलें.

मग माप घेऊंच नये काय? असें म्हणणारे सज्जन आपल्याकडे आहेत, पण त्यांची दया मला महाग वाटते. २००५ पासून ‘असर’ या नांवानें ग्रामीण भागांत एक पाहणी होत आली आहे. स्वयंसेवक घरोघर जातात, मुलाला शेजारीं बसवितात व अक्षरें, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा चार पायऱ्यांनीं त्याला वाचावयास सांगतात. २०२२ सालीं पांचवींतील १०० मुलांपैकीं सुमारें ४३ मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचतां आली. हा आंकडा कडू आहे, पण त्यावर विश्वास ठेवतां येतो. कारण पाहणी निवडक घरांची असते आणि मुलाच्या उत्तरावर कोणाचा पगार, बढती किंवा अनुदान टांगलेलें नसतें. वैद्य ज्वरमापक लावतो तें ताप किती हें कळावें म्हणून. पारा उतरल्याबद्दल परिचारिकेला बक्षीस ठेवलें, तर ती आधीं तो थंड पाण्यांत बुडवील.

आपल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें २०१० पासून आठवीपर्यंत मुलास मागें ठेवण्यास बंदी केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीला तसें करण्याची मोकळीक राज्यांना दिली. या वादांत दोन्ही बाजूंचें लक्ष मुलावरच खिळलेलें असतें. पांच वर्षें कोणीं न शिकविल्याचा दंड दहा-अकरा वर्षांच्या मुलानें भरावा, हा उत्तरदायित्वाचा विचित्र प्रकार होय. त्याच कायद्यांत इतरांच्याही जबाबदाऱ्या लिहिल्या आहेत, पण त्यांच्याविषयीं एवढा गलबला ऐकूं येत नाहीं. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकास दुसऱ्या अशैक्षणिक कामास जुंपूं नये, असें त्यांत आहे. वर्गांत किती मुलांमागें किती शिक्षक हवे, हें आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, हेंही आहे.

या समित्यांच्या सभा बहुतेक ठिकाणीं खिचडी, रंगरंगोटी आणि सह्या यांतच आटोपतात. तेथें वर्षांतून दोन वेळां इतकेंच व्हावें: शाळेबाहेरच्या कोणीं तरी आणलेला, मुलांनीं व मास्तरांनीं पूर्वीं न पाहिलेला परिच्छेद प्रत्येक मुलानें एकांतांत, आपल्या आईसमोर वाचावा. किती मुलांना वाचतां आलें याची एक नोंद सभेच्या वहींत व्हावी, आणि गेल्या वर्षभरांत किती दिवस शिक्षक दुसऱ्या कामावर पाठविले गेले याची दुसरी नोंद तिच्याच शेजारीं.