गोळी मोफत, पण वाट अवघड



कीटकनाशकाची मात्रा कमी पडली की कीड पुरती मरत नाही, आणि उरलेली पुढे त्या औषधाला जुमानत नाही, हा आपला नित्याचा अनुभव. एच.आय.व्ही.च्या विषाणूचेही तसेच आहे. गोळ्यांत वारंवार खंड पडला की तो औषधाला दाद देईनासा होतो.

आपल्या देशात ही औषधे सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ पासून लागण आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. आता बहुतेक प्रौढांना तीन औषधांची मिळून एकच गोळी रोज एकदा, जन्मभर घ्यावी लागते. ती नियमित घेतल्यास माणूस धडधाकट राबू शकतो. रक्तात मोजण्याइतकाही विषाणू उरला नाही आणि पुढे तसेच टिकले, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

मग देहविक्रय करणाऱ्या बायकांचे उपचार मध्येच का तुटतात? रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी केंद्रावर रांग धरणे जड जाते. डबी कोणाच्या दृष्टीस पडली तर गिऱ्हाईक तुटेल, घरवाली बाहेर काढील, ही धास्ती असते. शिवाय एका जागी राहणे त्यांच्या हाती नसते. औषधे मोफत सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच जून २००४ मध्ये गोव्यात वास्कोजवळची बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडण्यात आली व तेथील बायका पांगल्या. अशा पांगलेल्या बाईपर्यंत औषध पोचवायचे कसे?

याचे एक उत्तर सांगलीत दिसते. तेथे संग्राम संस्थेने १९९२ पासून या बायकांनाच एकमेकींची आरोग्यसेवा करण्यास उभे केले. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. डॉक्टरांपाशी न उघडणारे तोंड सोबतिणीपाशी उघडते.

आपल्या बेळगाव भागातल्या, सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या कित्येक मुली मुंबई, पुणे, सांगली, गोव्याकडे या धंद्यात गेल्या. त्यांपैकी कोणी सणाला किंवा आजारपणात गावी परतते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. गावी निघण्यापूर्वी केंद्रात सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जवळच्या केंद्रात बदली मिळू शकते.

२. गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

३. एका ताटात जेवल्याने वा एका बांधावर राबल्याने लागण होत नाही. तिचे ताट वेगळे करू नये.

४. एच.आय.व्ही.बाधितांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे.

तिची डबी दिसली तर चावडीवर बोलू नये. जिल्हा रुग्णालयाकडे गाडी जात असेल तर तिला बरोबर न्यावे, आणि काय झाले आहे ते विचारू नये. एवढ्यानेही तिचा औषधाचा नेम टिकू शकेल.