हरलेल्यांचा न्याय : सीताबर्डी ते टोकियो

मौद्यापासून नागपूरपर्यंतचा सारा मुलूख 1817 साली भोसल्यांचा होता. त्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीशी लढाई पेटली, नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले हरले आणि पुढच्या मार्चमध्ये कंपनीचा रेसिडेंट जेंकिन्स याने त्यांना कैद केले. आधीचे राजे परसोजी भोसले यांच्या खुनाचा आणि कंपनीविरुद्ध कटाचा आळ त्यांच्यावर होता. पण तो शाबीत करायला ना न्यायासन मांडले गेले, ना कुणाची उलटतपासणी झाली. गादीवरून काढून प्रयागला रवानगी, एवढाच निकाल. वाटेत शिपायाचा वेश करून अप्पासाहेब निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि 1840 साली जोधपुरात वारले. खुनाचा आळ खराही असेल. पण तो ठेवणाऱ्या जेंकिन्सच्याच हाती पुढे नागपूरचा कारभार गेला!

चाळीस वर्षांनी निदान न्यायालय तरी बसले. 1857 च्या उठावातले सेनानी तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले होते, पण नागपूरची वाट त्यांना मिळाली नाही. एप्रिल 1859 मध्ये ते फितुरीने पकडले गेले. शिप्रीच्या लष्करी न्यायालयात त्यांनी जबाब दिला, की आपण धन्याच्या हुकमाने लढलो आणि गोऱ्यांच्या, त्यांच्या बायकामुलांच्या हत्येत आपला हात नाही. आरोप मात्र बंडाचा, ब्रिटिश सरकारशी लढल्याचा होता. 18 एप्रिलला त्यांना फाशी दिले.

या जबाबाची पहिली बाजू, धन्याच्या हुकमाची, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात टिकली नसती. वरचा हुकूम होता म्हणून गुन्हा माफ नाही, असे त्या न्यायालयाच्या 1945 च्या सनदेत स्पष्टच लिहिले होते. दुसरी बाजू मात्र आजच्या युद्धकायद्याचा कणा आहे : लढणे वेगळे, निःशस्त्रांना मारणे वेगळे.

टोकियोत 1946 पासून 11 न्यायाधीशांपुढे जपानी नेत्यांचा खटला चालला. सात जण फासावर गेले. सम्राट हिरोहितोंवर आरोपच ठेवला नाही. भारताचे राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवले. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. जेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्याने जितांना तोलणे त्यांना मंजूर नव्हते.

पालांचा आक्षेप नागपूरकराला चटकन पटावा. तरी मला तो पुरा पटत नाही. जपानी सैन्याने केलेल्या नानकिंगच्या कत्तलीच्या साक्षी त्या खटल्यात सरकारी दप्तरात उतरल्या; जेंकिन्सच्या हुकमापेक्षा सदोष खटला कितीतरी बरा. जेते-जित दोघांनाही लागू व्हावे असे कायमचे न्यायालय रोम कराराने 1998 मध्ये ठरले आणि 2002 पासून हेगला आहे. त्या करारावर भारताची सही नाही.