जुना संगणक बंद का होत नाही?

संगणक बंद करणे ही वरवर साधी दिसणारी क्रिया होय; परंतु तीत अनेक घटकांचा मेळ जमावा लागतो. पूर्वीच्या संगणकांत खटका दाबून वीज थेट तोडली जाई. १९९५ साली आलेल्या 'एटीएक्स' रचनेत मात्र मदरबोर्ड एका तारेवरून वीजपुरवठ्याच्या पेटीला चालू-बंदचा संकेत देऊ लागला. तो संकेत कसा द्यावयाचा, याची माहिती मदरबोर्डवर कायम वसणारी 'बायॉस' ही आज्ञावली कार्यप्रणालीला पुरवते. या व्यवहाराचे 'एसीपीआय' नावाचे प्रमाण १९९६ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा पडदा काळवंडला, पण पंखा फिरतच राहिला, तर ही साखळी कोठेतरी तुटली आहे, असे समजावे. प्रथम घड्याळ पाहावे. वीज तोडून पुन्हा जोडल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी बहुधा संपलेली असते. तिच्याबरोबर बायॉसमध्ये आपण केलेल्या वीजविषयक निवडीही पुसल्या जातात. बॅटरी बदलून त्या निवडी पुन्हा कराव्यात. मग बाहेरून जोडलेली उपकरणे काढून संगणक बंद करून पाहावा.

बायॉसची नवी आवृत्ती लिहिणे हा शेवटचा उपाय. लेखन चालू असताना वीज गेली, तर चकतीवरील मजकूर शाबूत राहूनही संगणक सुरूच होत नाही. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी. जो उपाय मागे घेता येतो, तो आधी करावा.