पाच कॅम्पांचं शहर

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी कॅम्पचा नंबर येतो, मग सेक्शन, मग बरॅक. ही सगळी भाषा लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळच्या माळावर फौजेसाठी छावण्या उभारल्या. युद्ध संपलं, फौज गेली आणि १९४७च्या फाळणीनंतर त्याच रिकाम्या बरॅकींत सिंधमधून निघालेली कुटुंबं येऊन राहिली. बरेचजण कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेले. एका लांबलचक बरॅकीत गोणपाटाचे, साड्यांचे पडदे टांगून अनेक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं.

या शहराची ओळख बाहेर फार उथळपणे सांगितली जाते. इथल्या नकली मालाची टिंगल करून लोक मोकळे होतात. पण हातात काही नसताना या माणसांनी धंद्याच्या जोडीनेच शाळा-कॉलेजं काढली, हे कुणी सांगत नाही. सिंधमधल्या हैदराबादेतून उखडल्या गेलेल्या शिक्षण मंडळाने मुंबईत पुन्हा मूळ धरलं आणि १९६५मध्ये इथे चांदीबाई कॉलेज उभं केलं. त्याआधी तलरेजा कॉलेज सुरू झालं होतं. आज अंबरनाथ-बदलापूरची, कर्जतकडची कितीतरी मराठी मुलं इथूनच पदवीधर होतात. महापालिका १९९६ची, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर, आणि जागा अवघी तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास.

बाजारही कॅम्पांप्रमाणे वाटलेले आहेत. गजानन मार्केटमध्ये कपडा, फर्निचर बाजारात कपाटं-पलंग, आणि पाच नंबर कॅम्पच्या बाजूला जीन्स. जीन्सच्या गल्लीत घराच्या उंबऱ्याशी बायका पँटींचा ढीग घेऊन बसतात आणि छोट्या कात्रीने शिवणीचे सुटे दोरे कापतात. याला धागा कटिंग म्हणतात. मजुरी नगावर. सकाळी याच गल्ल्यांत दाल-पकवान मिळतं: कुरकुरीत पकवान, वर चण्याची दाट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. उन्हाळा सरल्यावर सिंधी समाजाचा चालिहो येतो. त्यांचं दैवत झूलेलालच्या नावाने चाळीस दिवस व्रत चालतं आणि शेवटी डोक्यावर मटकी घेऊन मिरवणूक निघते.

वालधुनी नदीबद्दल मात्र वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. अंबरनाथला शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, ते याच नदीच्या काठी. तिथून खाली उल्हासनगरात येईपर्यंत तिचा नाला झालेला असतो. रसायनं आणि जीन्स धुलाईच्या निळ्या पाण्याने ती मेली. कोर्टकचेऱ्यांनंतर धुलाईचे कारखाने बंद पडले, तरी नदी काही परतलेली नाही.

दुसरी काळजी इमारतींची. जागा कमी, माणसं जास्त, आणि बांधकामं परवानगीविना. ती नियमित करण्यासाठी २००६मध्ये सरकारला उल्हासनगरपुरता वटहुकूम काढावा लागला. पुढे मे २०२१मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं दगावली. अशा घरांत राहणाऱ्यांपैकी अनेकांचे आजी-आजोबा एकदा घर सोडून आलेले आहेत. पुनर्विकासाच्या नावाखाली त्यांना शहराबाहेर पाठवू नये. त्याच कॅम्पात, त्याच सेक्शनमध्ये पक्कं घर मिळायला हवं. आणि हे करताना जुनी एखादी बरॅक तरी न पाडता, आहे तशी राखावी.