अरबी शिकायची तर दोन्ही शिका

अरबी शिकायला कैरोला निघालेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, ‘फुस्हा शिकू की आम्मिया?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन्ही, आणि पहिल्या दिवसापासून.

फुस्हा म्हणजे लिहिण्या-वाचण्याची अरबी. वर्तमानपत्रं, टीव्हीवरच्या बातम्या, पाठ्यपुस्तकं, कोर्टाचे कागद तिच्यातच असतात, आणि मोरोक्कोपासून इराकपर्यंत ती जवळपास एकच आहे. पण घरात ती कुणी बोलत नाही. अरब मुलंही ती शाळेतच शिकतात. घरात आणि बाजारात चालते ती आम्मिया, म्हणजे बोली, आणि ती देशागणिक बदलते. ‘आत्ता’ला फुस्हात ‘अल्-आन’, कैरोत ‘दिलवअती’, दमास्कसकडे ‘हल्ला’, तर मोरोक्कोत ‘दाबा’ म्हणतात. आपल्याकडेही मालवणी आणि वऱ्हाडी आहेत, पण प्रमाण मराठी असंख्य घरांत बोलली जाते. अरबीत तसं नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच समाजातल्या अशा दुहेरी भाषाव्यवहारावर गाजलेला निबंध लिहिला, त्यात अरबीचं उदाहरण ठळकपणे होतं.

कैरोत मी दोक्की भागात एका कुटुंबात खोली घेऊन राहत होते. दिवसभर वर्गात फुस्हाचं व्याकरण, आणि जाता-येता मेट्रोच्या बायकांच्या डब्यात आम्मिया. ‘कुठे चाललीस?’ हे तिथे ‘राइहा फेन?’ असं विचारतात. ‘कुठे’ शेवटी येतं. फुस्हात तेच सुरुवातीला येतं. पुस्तकातला ‘जमील’, म्हणजे सुंदर, कैरोत ‘गमील’ होतो, आणि ‘कल्ब’, म्हणजे हृदय, याचा होतो ‘अल्ब’.

माझी खरी शिकवणी संध्याकाळी व्हायची. घरमालकीणबाई मुलूखियाची पानं निवडत टीव्हीवर बातम्या लावायच्या. निवेदक फुस्हात बातमी सांगायचा आणि बाई लगेच तीच बातमी, स्वतःच्या मतासकट, मला आम्मियात ऐकवायच्या. मी वहीत दोन रकाने पाडले होते. एकात निवेदकाचं वाक्य, दुसऱ्यात बाईंचं. ती वही माझं सगळ्यात उपयोगी पुस्तक ठरली.

तरीही फुस्हा टाळून चालत नाही. छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरं दिसली, की ‘त्याने लिहिलं’, ‘लिहिलं गेलं’ की ‘पुस्तकं’, हे संदर्भावरून आणि व्याकरणावरूनच ठरवावं लागतं. शब्दकोशही धातूंप्रमाणे लावलेले असतात. हान्स वेर यांच्या प्रसिद्ध कोशात ‘महकमा’, म्हणजे न्यायालय, ‘म’खाली सापडत नाही, ह-क-म या धातूखाली शोधावा लागतो. इथे मराठी माणसाला मोठा आधार मिळतो, कारण आपले हुकूम, हुकमत आणि हकीम हे शब्द त्याच धातूचे, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. नाटकाची ‘तालीम’सुद्धा मुळात अरबीतली, शिकवणं या अर्थाची.

मग बोली कोणती निवडावी? जिथे राहणार, तिथली. आमच्या रत्नागिरीकडून आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी आखाती बोली धरावी. नक्की ठरलं नसेल, तर इजिप्तची घ्यावी. तिथल्या सिनेमामुळे आणि उम्म कुल्सूमच्या गाण्यांमुळे ती अरब जगात सगळीकडे समजते.

निघण्याआधी अठ्ठावीस अक्षरं आणि प्राथमिक व्याकरण पक्कं करून घ्या. तिथे पोचल्यावर इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या घोळक्यात राहू नका. शक्य असेल तर एखाद्या कुटुंबात खोली घ्या. फुस्हामुळे अरबांनी लिहिलेलं वाचता येतं आणि आम्मियामुळे माणसं आपल्याशी मनातलं बोलतात. व्याकरण मुंबईतही शिकता येतं. परदेशी राहण्याचा खर्च आणि कष्ट सोसायचे ते माणसांशी बोलता यावं म्हणून.